एका पेटीत दोन साप

गेल्या दिवाळीत पुण्यातील एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी होती आणि तीत दोन बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले आखूड, जाडसर अजगर, एकमेकांवर वेटोळे घालून बसले होते. आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी आहे. हे परदेशी, आणि त्यांची सरकारी नोंदणीही झालेली. “बघा, एकमेकांना सोडून राहवत नाही त्यांना,” यजमान कौतुकाने म्हणाले. मी पेटीत नीट पाहिले. उबेला एकच कोपरा, लपायला एकच खोके. ही माया की जागेची टंचाई? चकली हातातच राहिली. सापांविषयीचे जुने साहित्य मी बरीच वर्षे चाळत आलो आहे, पण हा साधा प्रश्न घेऊन ते कधी वाचले नव्हते. या लेखाचे मूळ त्यात आहे.

लोकांना दाखवण्यासाठी बांधलेले जगातले पहिले सर्पगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली उघडले. तिकीट काढून येणाऱ्याला साप दिसला पाहिजे, हा त्या मांडणीचा पहिला नियम. एका पेटीत एकाहून अधिक साप ठेवले की काच कमी लागते, ऊब द्यायचा खर्च वाचतो आणि प्रेक्षकाला निदान एक तरी साप हालताना दिसतो. यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

१८९४ साली तिथे दोन बोआ एका पेटीत राहत होते. एक सुमारे अकरा फुटी, दुसरा नऊ फुटी. रात्री दोघांसाठी कबुतरे टाकली गेली. सकाळी पेटीत एकच बोआ होता, आणि तो फुगून इतका ताठ झाला होता की त्याला वेटोळे घालता येईना. दोघांत भांडण झाले असावे असे मानायला जागा नव्हती. धाकट्याच्या तोंडातल्या कबुतराला थोरल्याने दुसऱ्या बाजूने धरले असावे, असा अंदाज निघाला. सापाचे दात आत वळलेले असतात. एकेक जबडा आळीपाळीने पुढे सरकवत तो भक्ष्य आत घेतो. एकदा सुरू झालेला घास सोडणे त्याला जड जाते. कबुतर संपले तिथे धाकट्याचे डोके सुरू झाले. पुढच्या काही आठवड्यांत थोरल्याने शेजाऱ्याला पचवूनही टाकले.

सापांच्या कथांत ही घटना क्रौर्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती पेटीची गोष्ट वाटते. रानात दोन बोआंसमोर एकच कबुतर येण्याचा योग विरळाच. आणि आला तरी मागे सरायला जागा असते.

ब्राझीलमध्ये साओ पावलोजवळ १९०१ साली बुतांतान संस्था स्थापन झाली. व्हितल ब्राझील हे तिचे पहिले संचालक. तिथे सापांसाठी उघडे आवार होते: भोवती भिंत, आतून पाण्याचा चर, हिरवळीवर घुमटाकार छोटी घरटी. अनेक साप एकत्र, पण आसरे अनेक. लसीसाठी विष हवे, म्हणून साप जगलाच पाहिजे, ही गरज त्या रचनेमागे होती. कोणाला कोणासोबत ठेवायचे नाही, हेही तिथे ठाऊक होते. १९१३ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिथे आले, तेव्हा त्यांच्यासमोर मुसुराना नावाच्या सापाने विषारी जराराका गिळून दाखवला. आपल्याकडे हेच काम नागराज करतो आणि मण्यारही करतो. ‘साप’ हा एक शब्द आपण वापरतो म्हणून ती सगळी एकच जात होत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. गारुड्याच्या कावडीला पेटाऱ्या अनेक, त्या एवढ्याशा, हाल पुष्कळ. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी प्रसिद्ध होती. पंचमीआधी गावकरी शेताबांधांवरून नाग पकडून आणत, मडक्यात ठेवत, तोंडाला फडके बांधत. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका वृद्धांना मी विचारले होते, एका मडक्यात किती? ते म्हणाले, “एकच. दोन घातले तर दोघंबी बिथरत्यात.” या सणाचा मी वकील नाही. सर्वांत उंच फणा काढणाऱ्या नागाची स्पर्धा, मिरवणुकीतला गोंगाट, हे नागासाठी सुखाचे नव्हते, आणि २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर निर्बंध आणले ते योग्यच. पण मडक्याचा तो नियम मी टिपून ठेवला. आपल्या म्हणीतला आयत्या बिळावरचा नागोबाही एकटाच असतो.

पुण्यातली एक घटना माझ्या पिढीला चांगली आठवते. १९८० साली नीलमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत बसले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचे होते, आणि ते पटले. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. साप दिसला की काठी शोधणारा समाज थोडा तरी बदलला, याचे श्रेय त्या तीन दिवसांना दिलेच पाहिजे. मात्र आम्हा सर्वांची नजर त्या माणसावर होती. बहात्तर सापांना एकमेकांची सोबत कशी वाटत होती, हा प्रश्न माझ्यासकट कोणाच्या डोक्यात आल्याचे मला आठवत नाही.

इथवर आल्यावर लेखाचा निष्कर्ष मी जवळजवळ लिहून ठेवला होता: साप एकटा जीव, त्याला एकटेच ठेवावे. तो मला खोडावा लागला. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या नार्सिस गावाजवळ थंडीत गार्टर जातीचे हजारो साप चुनखडीच्या भेगांत एकत्र राहतात. अमेरिकेतल्या टिंबर रॅटलस्नेकच्या सख्ख्या बहिणी परक्यांपेक्षा एकमेकींजवळ अधिक बसतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आणि २०२४ साली कॅनडातल्याच संशोधकांनी नेमके बॉल पायथन घेतले. सहा पिल्ले एका ऐसपैस आवारात सोडली आणि पुरेसे आसरे ठेवले. तरी ती एकाच आसऱ्यात दाटी करून बसली. उठवून विखुरली तरी पुन्हा एकत्र आली.

म्हणजे माझे स्नेही बरोबर? कदाचित. पण त्यांच्या पेटीवरून ते सिद्ध होत नव्हते, आणि लंडनच्या पेटीवरूनही नाही. कॅनडातल्या पिल्लांना दुसरे आसरे मोकळे होते, म्हणून त्यांच्या दाटीला अर्थ आला. एकच खोके असेल, तर आवडीने बसलेले दोन साप आणि नाइलाजाने बसलेले दोन साप बाहेरून सारखेच दिसतात. कुरबुर करायला सापाला आवाज नाही, चेहऱ्यावर भाव नाही. तो खाणे सोडतो किंवा सतत बाहेर पडायची वाट धुंडाळतो, तेव्हा कुठे आपल्या ध्यानात येते. इतकी वर्षे आपण त्याला एकत्र ठेवत आलो, आणि उत्तर देता येईल अशी जागा मात्र क्वचितच दिली.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. त्यांना राग आला नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी दुसरे खोके आणले, उबेचा दुसरा कोपरा केला आणि दोघांना वेगवेगळ्या पेटीत खायला घालू लागले. १८९४ ची गोष्ट ऐकल्यावर तेवढे त्यांनी लगेच मानले. शिवाय एका जुन्या डायरीत रोज सकाळी कोण कुठे बसले आहे ते लिहायला लागले. परवा ती डायरी पाहिली. काही दिवस दोघे एकत्र, बरेच दिवस वेगळे. खोकी विभक्त झाल्यापासून धाकटा नेमाने खातो, अशीही नोंद आहे.

“मग यांचं पटतं की नाही?” वहिनींनी विचारले. मी म्हटले, आणखी एक वर्ष लिहा, मग सांगतो.