पुलाचे अलीकडचे टोक

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात भारतीय मुलांच्या अंकगणिताविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे त्याच्या लेखकांपैकी होते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी त्यात होती. अमुक भावाचे दीड किलो कांदे, तमुक भावाचे आठशे ग्रॅम बटाटे, एकूण किती आणि दिलेल्या नोटेतून परत किती, असा हिशेब ही मुले कागदाला हात न लावता, गिऱ्हाईक समोर उभे असताना अचूक करीत होती. तेवढ्याच किंवा त्याहून सोप्या वजाबाक्या व भागाकार शाळेतल्या पद्धतीने कागदावर मांडून दिले, की तीच मुले अडत होती. जवळच्या शाळांतील, बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचे चित्र नेमके उलटे होते. त्यांना पुस्तकी उदाहरणे सुटत. बाजारातला हिशेब सुटत नसे.

निबंध शालेय वयाच्या मुलांचा असला तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न महाविद्यालयाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाने २०२३ मध्ये २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींची चाचणी घेतली. त्यांतील ८६.८ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत दाखल होती. पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे, म्हणजे तिसरी-चौथीच्या पातळीचे उदाहरण ४३.३ टक्क्यांनाच सोडवता आले. दुसरी चाचणी अधिक बोलकी होती. वस्तूचे एक टोक मोजपट्टीच्या शून्यावर ठेवले असता सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तेच टोक शून्यापासून जरा सरकवले, तेव्हा बरोबर सांगणारे ३९ टक्केच उरले. पट्टीवरचा आकडा वाचणे ठाऊक होते; लांबी म्हणजे दोन आकड्यांमधले अंतर, हे ठाऊक नव्हते.

यांतील अनेकजण बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात येतात आणि वाणिज्याच्या टक्केवारीत, अर्थशास्त्राच्या आलेखांत, मानसशास्त्राच्या संख्याशास्त्रात अडखळतात. अशा विद्यार्थ्यासाठी पूल कोणत्या टोकाकडून बांधायचा, हा प्रश्न भारतात नवा नाही. त्याचे एक अतिशय सुंदर उत्तर १८५० साली दिल्लीत लिहिले गेले होते.

ते लिहिणारे मास्टर रामचंद्र. १८२१ मध्ये पानिपत येथे जन्मलेले रामचंद्र १८४४ पासून दिल्ली कॉलेजच्या पौर्वात्य विभागात युरोपीय विज्ञान व गणित शिकवीत. तेथील अध्यापनाची भाषा उर्दू होती. त्यांच्यापुढचे विद्यार्थी बुद्धीने कमी नव्हते, पण न्यूटन-लायब्निट्झप्रणीत कलनशास्त्राची कोणतीही पूर्वतयारी त्यांना नव्हती. सीमा, विकलन या कल्पना त्यांच्या परंपरेतून आल्या नव्हत्या, आणि ज्या पाठ्यपुस्तकांतून त्या येत ती परक्या भाषेत होती. मात्र बीजगणित या भूमीत जुने होते. वर्गसमीकरणाचा वर्ग पूर्ण करून ते सोडवण्याची रीत श्रीधराचार्यांपासून चालत आलेली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात ‘मध्यमाहरण’ या नावाने तिचे विवेचन केलेले.

रामचंद्रांनी हाच धागा धरला. महत्तम व लघुतम मूल्ये काढण्याचे जे प्रश्न युरोपात कलनशास्त्राने सोडवत, ते निव्वळ बीजगणिताने सोडवून दाखवणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी १८५० मध्ये कलकत्त्यात छापून घेतले. त्यातली युक्ती एका साध्या उदाहरणाने कळते. दहा या संख्येचे असे दोन भाग करायचे आहेत की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त व्हावा. एक भाग ‘क्ष’, दुसरा ‘दहा वजा क्ष’ आणि गुणाकार ‘ग’ मानला, तर एक वर्गसमीकरण तयार होते. वर्ग पूर्ण करून ते सोडवले की ‘क्ष’ची किंमत येते: पाच, अधिक किंवा वजा, ‘पंचवीस वजा ग’ या राशीचे वर्गमूळ. वर्गमूळाखालची राशी ऋण झाली तर वास्तव उत्तरच उरत नाही. म्हणून ‘ग’ पंचवीसच्या पुढे जाऊ शकत नाही. गुणाकाराची कमाल मर्यादा पंचवीस, आणि ती दोन्ही भाग पाच-पाच असताना गाठली जाते. विकलनाचा उल्लेखही न करता विद्यार्थी कलनशास्त्राच्या एका मध्यवर्ती प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोहोचतो, आणि तेही त्याच्या स्वतःच्या परिचयाच्या वाटेने.

कलकत्त्यात या पुस्तकावर टीका झाली. कलनशास्त्र उपलब्ध असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे टीकाकारांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी त्याची प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे धाडली. अकरावीच्या विद्यार्थ्यांना ज्यांचे तर्कशास्त्रातील नियम आजही शिकावे लागतात, तेच हे डी मॉर्गन. पुस्तकाचे महत्त्व त्यांनी ताबडतोब ओळखले. भारतात गणित रुजवायचे तर ते भारतीयांच्या अंगच्या बीजगणिती सामर्थ्यातून वाढवावे, या विचाराचा पुरावाच त्यांना तेथे दिसला. त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह कंपनी सरकारच्या खर्चाने १८५९ मध्ये लंडनमध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. लेखकाला मान मिळाला, पारितोषिक मिळाले. पण भारतातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात पुस्तकाला स्थिर जागा मिळाली नाही.

दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात भारतीय शिक्षणाचा नकाशाच बदलला होता. १८५७ च्या मे महिन्यात दिल्ली कॉलेज लुटले गेले, त्याच्या ग्रंथालयाची धूळधाण झाली, प्राचार्य टेलर मारले गेले. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रामचंद्रांना जीव वाचवून पळावे लागले. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची, म्हणजे प्रामुख्याने परीक्षा घेणारी विद्यापीठे होती. प्रवेशपरीक्षा हे त्यांचे महाद्वार. विद्यार्थी आत घ्यावा की नाही, याचा निर्णय दार करू लागले. आत आलेल्याला काय येते आणि काय येत नाही, याची विचारपूस करणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही.

पुढची शंभर वर्षे हे दार कोठे बसवावे याच्या चर्चेत गेली. १९१७ मध्ये मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोग नेमला गेला. त्यातील दोन्ही भारतीय सदस्य, आशुतोष मुखर्जी व झियाउद्दीन अहमद, गणिताचे अभ्यासक होते. महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे वस्तुतः शाळेचेच काम करतात, हे आयोगाने स्पष्टपणे मांडले आणि विद्यापीठाची सीमारेषा मॅट्रिकवरून इंटरमीजिएटवर न्यावी, अशी शिफारस केली. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने बारा वर्षांच्या पूर्वशिक्षणाचा आग्रह धरला. १९६६ मध्ये कोठारी आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध देशभर रूढ झाला; गणित पहिल्या दहा वर्षांत सर्वांना अनिवार्य ठरले. या सुधारणा आवश्यक होत्या. मात्र वर्षांची संख्या वाढवल्याने समज आपोआप वाढते, हे त्यांतील गृहीतक होते, आणि ‘असर’ची मोजपट्टी त्याच गृहीतकाला तडा देते.

याला एक लक्षणीय अपवाद भारतीय तंत्रज्ञान संस्थांत आढळतो. १९७३ मध्ये तेथे अनुसूचित जाती व जमातींसाठी आरक्षण लागू झाले. शिथिल केलेल्या गुणमर्यादेपर्यंतही न पोहोचलेल्या काही उमेदवारांसाठी पुढे एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचा पाया पक्का करून घेतला जातो. वर्षअखेरीस उत्तीर्ण होणाऱ्याला प्रवेशपरीक्षा पुन्हा न देता पदवीच्या पहिल्या वर्षात घेतले जाते. या योजनेने एक गोष्ट मान्य केली: तयारीतील उणीव ही क्षमतेतील उणीव नव्हे, आणि ती भरून काढायची तर स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. तिचा आवाका अर्थातच मोजक्या जागांपुरता आहे. देशातील बहुसंख्य महाविद्यालयीन विद्यार्थी ज्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत शिकतात, तेथे असे वर्ष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने तेथील मागास व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक मार्गदर्शनाच्या योजना आखल्या; पण त्यांचे स्वरूप मुख्य अभ्यासक्रमाला जोडलेल्या जादा वर्गांचे होते.

मुख्य अभ्यासक्रमातच गणिताची पायाभरणी करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग २०१३ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केला. कुलगुरू दिनेश सिंह हे स्वतः गणितज्ञ. त्यांच्या कारकिर्दीत आलेल्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात अकरा पायाभूत विषय सर्वांना अनिवार्य होते आणि त्यांतील एकाचा हेतूच ‘गणिती क्षमतेची जडणघडण’ हा होता. संस्कृतचा विद्यार्थी असो, इतिहासाचा असो वा गणिताचाच. सर्वांसाठी तोच विषय. शाळेनंतर गणिताचा निरोप घेतलेल्या तरुणांना ते पुन्हा भेटावे, जीवनाशी जोडले जावे, ही त्यामागची कल्पना उदात्त होती. विद्यापीठाला ती सुचली, हीच मोठी गोष्ट.

अडचण ‘सर्वांसाठी एकच’ या शब्दांत होती. गणित सन्मान पदवीच्या विद्यार्थ्याला जे बाळबोध वाटे, तेच दहावीनंतर गणिताशी संबंध तुटलेल्याला पेलत नसे. शाळेत गणितातून सूट मिळालेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांपुढे तर हा विषय अचानक भिंतीसारखा उभा राहिला. प्रवेशाच्या वेळी कोणाचा पाया किती, हे पाहिलेच गेले नसल्याने कोणाला काय द्यावे, हे ठरवण्याचा मार्गही नव्हता. घाईने केलेल्या अंमलबजावणीवर शिक्षकांनी कडाडून टीका केली, वाद राजकीय झाला, आणि जून २०१४ मध्ये अनुदान आयोगाच्या आदेशानंतर संपूर्ण अभ्यासक्रम गुंडाळला गेला. त्या गदारोळात चार वर्षे की तीन, एवढाच प्रश्न लोकांच्या लक्षात राहिला. कच्च्या पायाच्या विद्यार्थ्याला गणित कसे शिकवावे, हा मूळ प्रश्न अभ्यासक्रमाबरोबर अडगळीत गेला.

त्याच्या उत्तराचा काही भाग तोवर दुसरीकडे तयार झाला होता. या शतकाच्या आरंभी ‘प्रथम’ने मुंबई व वडोदरा येथील शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम राबवला. वस्तीतील एक तरुणी मागे पडलेल्या मुलांना दिवसातील काही वेळ बाजूला घेई आणि इयत्तेच्या पुस्तकाऐवजी त्यांना जेथपर्यंत येते तेथून पुढे शिकवी. बॅनर्जी, डुफ्लो व सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांचे गुण स्पष्टपणे वाढल्याचे दिसले. इयत्तेनुसार नव्हे तर पातळीनुसार अध्यापन, हे सूत्र त्यातून पुढे अनेक देशांत गेले. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर मात्र ते अजून थबकले आहे.

हा थबकलेपणा परवडणारा नाही, हे साध्या गणिताने दिसते. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ मोहीम सुरू केली. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन व मूलभूत अंकगणित यावे, हे तिचे उद्दिष्ट. ते पूर्णपणे साधले असे मानले, तरी त्या वर्षी तिसरीत असणारी मुले महाविद्यालयात येतील ती २०३६ च्या सुमारास. त्याआधीच्या अनेक तुकड्या शाळेची ही दुरुस्ती होण्यापूर्वीच पुढे सरकलेल्या आहेत. त्यांच्यासाठी काही करायचे तर ते महाविद्यालयालाच करावे लागेल; आणि त्यांतील अनेकजण घरातून महाविद्यालयात पोहोचलेली पहिलीच व्यक्ती असतील.

त्यासाठी लागणारी सामग्री फार दुर्मीळ नाही. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात, गुणपत्रिकेवर न उमटणारी तासाभराची चाचणी. तिच्या आधारे लहान गट. आणि ज्याला जे येते तेथून आरंभ. वडिलांच्या दुकानात टक्केवारीने सूट काढणाऱ्या विद्यार्थ्याला गुणोत्तर येत नाही असे म्हणता येत नाही. त्याला त्याची लेखी मांडणी येत नसते. शेतीच्या बांधावर बियाण्याचे प्रमाण ठरवणाऱ्या मुलीला समप्रमाण नव्याने शिकवायचे नसते; तिच्या हिशेबाला समीकरणाचे रूप द्यायचे असते. २०२५ च्या निबंधाने दाखवलेली दोन गणितांमधली दरी अशी त्या-त्या ठिकाणीच बुजवावी लागते. ती आपोआप बुजत नाही, हेच त्या निबंधाचे सांगणे आहे.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिल्लीतील एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना काय येत नाही याची यादी करण्याऐवजी काय येते याचा शोध घेतला, आणि तेथून कलनशास्त्राच्या प्रश्नांपर्यंत वाट काढली. त्यानंतर पुलाच्या पलीकडच्या टोकावर पुष्कळ आयोग बसले. अलीकडचे टोक, जेथे विद्यार्थी प्रत्यक्ष उभा असतो, ते अजून बांधायचे आहे.