उंबरठ्यापासून पांदणीपर्यंत : चलनसाधनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. रक्कम त्या काळात डोळे दिपवणारी होती, पण मला दरवेळी थांबवून ठेवतात त्या जाहिरातीतल्या अटी. यंत्र खेड्यातल्या साध्या घरात वापरता आले पाहिजे आणि उचलून नेता आले पाहिजे. हाताने किंवा पायाने ते सहज चालावे, बाईमाणसाला फार न थकता त्यावर आठ तास काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी देखभाल झाली तर ते वीस वर्षे चालावे, आणि दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या भागांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

चालता न येणाऱ्यांच्या, किंवा चालणे दिवसेंदिवस जड होत गेलेल्यांच्या गाड्यांविषयी हे पुस्तक आहे. त्याची सुरुवात मी चरख्यापासून करतो, कारण यंत्र निवडताना काय विचारायचे याचा इतका नेमका नमुना मला दुसरीकडे सापडलेला नाही. त्या अटींत यंत्राच्या वेगाआधी घर येते, वापरणारीचे शरीर येते, दुरुस्तीचा खर्च येतो. आज मोबिलिटी स्कूटर घ्यायला निघालेले कुटुंब मात्र पहिला प्रश्न विचारते, ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?’ प्रश्न रास्त आहे. फक्त तो पाचवा किंवा सहावा असायला हवा, आणि आधीचे चार-पाच कोणते हे शोधणे म्हणजेच हा अभ्यास.

आधी नावांचा घोळ मिटवू. मराठीत ‘स्कूटर’ म्हटले की बजाजची दुचाकी डोळ्यांपुढे येते. त्या कंपनीचे 1945 मधले पहिले नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, जमनालाल बजाज ज्यांच्या घरी दत्तक आले ते. म्हणजे स्कूटर या शब्दाची एक मुळी आमच्याच गावात निघते. मोबिलिटी स्कूटर ही वस्तू वेगळी आहे. तीन किंवा चार लहान चाके, खुर्चीसारखी फिरणारी बैठक, समोर दांड्यावर हँडल, अंगठ्याने दाबायची कळ आणि पायाखाली सपाट फळी. आपल्याकडे तिच्या जोडीला आणखी चार साधने उभी असतात : जॉयस्टिकवर चालणारी बॅटरीची व्हीलचेअर, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची मोटार लावलेली तीनचाकी सायकल, मागे दोन जादा चाके बसवलेली नेहमीची स्कूटी, आणि व्हीलचेअरला पुढून जोडायचे मोटारीचे चाक. या शेवटच्या प्रकारातले ‘निओबोल्ट’ 2021 मध्ये आयआयटी मद्रासमधून पुढे आले. गावात या सगळ्यांना सरसकट ‘बॅटरीवाली गाडी’ म्हणतात, आणि चुकीच्या खरेदीची सुरुवात पुष्कळदा या एका शब्दापासून होते.

मोबिलिटी स्कूटर जन्मली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, 1968 साली. अ‍ॅलन थीम यांच्या घरात मल्टिपल स्क्लेरोसिसचे आजारपण होते, त्यापोटी त्यांनी ती बनवली आणि नाव ठेवले ‘अमिगो’, म्हणजे मित्र. हे वाचताना मला गांधीजींचे 1924 मधले एक संभाषण आठवते. यंत्रांना तुमचा सरसकट विरोध आहे का, असे रामचंद्रन या विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा गांधीजींनी सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानले. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र तयार केले, अशी त्यांची समजूत होती. एका माणसाच्या त्रासाकडे बघत बनवलेले यंत्र निराळे असते, हा त्यामागचा विचार. 1938 साली गांधीजींच्याच हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाची अवजारे पाहताना तो विचार हाताला लागतो. थीम यांची गाडी या कसोटीला पूर्ण उतरते. अडचण पुढे येते. मिशिगनमधल्या एका माणसाच्या गरजेतून, तिथल्या सपाट फरशीसाठी बनलेले यंत्र आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या वेगळ्या शरीराला आणि वेगळ्या रस्त्याला द्यायचे असते.

शरीरापासून सुरू करू. ही गाडी वापरणाऱ्याकडून ती काय मागते? पाठीला आधार नसला तरी ताठ बसता येणे, स्वतः उठून तिच्यावर चढता येणे, हात हँडलपर्यंत पुढे नेता येणे, आणि कळ दाबून धरण्याइतके अंगठ्यात बळ. हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे उतारवयात पाठीच्या दुखण्यामुळे बसू शकत नसत. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. 1985 ची भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत आडवे राहून केली. त्यांना जगातली सर्वोत्तम मोबिलिटी स्कूटर दिली असती तरी तिचा काही उपयोग झाला नसता. ‘चालता येत नाही’ हे निदान गाडी निवडायला अपुरे पडते. का येत नाही, आणि काय काय येते, हे विचारावे लागते.

वर्धा जिल्ह्याने या बाबतीत देशाला शिकवावे असे एक क्षेत्र आहे, ते म्हणजे कुष्ठरोग. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरचे काम उभे केले. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने वर्ध्यातून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री रुजवली. रोग बरा होतो, पण आधीच मेलेले मज्जातंतू परत येत नाहीत. कोपरापाशी जाणारी नस गेली की करंगळी आणि अनामिका वाकतात. मनगटातून जाणारी दुसरीही गेली की अंगठा दुबळा होतो, आणि नेमक्या त्याच अंगठ्यावर या गाडीची सगळी भिस्त असते. शिवाय संवेदना गेलेला हात गरजेपेक्षा जास्त जोराने पकडतो, तळहाताला फोड येतो आणि तो दिसेपर्यंत कळत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या धातूच्या दांड्याने हात भाजला तरी तेच. उलट बाजूने पाहिले तर तळपायाला जखम असलेल्या माणसाला भार न देता फिरणे हेच औषध असते, म्हणजे गाडी ही त्याच्या उपचाराचा भाग ठरते. त्याला हवी पूर्ण तळहाताने ढकलता येईल अशी कळ, जाड मऊ मूठ आणि पायाशी उंच कडा. दांड्यावरची कळ बदलायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. कोणीतरी त्या हाताकडे बघून ती बदलायची असते.

अर्धांगवायू झालेल्याची गोष्ट आणखी निराळी, कारण त्याची एकच बाजू काम करते आणि कळ डावीकडे हवी की उजवीकडे हे आधी ठरवावे लागते. कमरेखाली संवेदना नसलेल्याला बैठकीपेक्षा उशी महत्त्वाची, कारण दाबाची जखम काही तासांत सुरू होते. गुडघे झिजलेल्या आजींना मात्र ही स्कूटर खरोखर मानवते.

अशाच एक आजी म्हणजे माझी मावशी. सेलू तालुक्यातल्या एका गावात तिचे घर आहे, दीड फूट उंच जोते, पुढे ओसरी, मग सागवानी उंबरठा. मुलाने पुण्याहून चारचाकी स्कूटर पाठवली. ती चांगली होती, महाग होती, प्रेमाने घेतलेली होती. महिन्याभरात ती ओसरीत स्थिरावली. मावशी तिच्यावर बसून तूर निवडायची, बैठक तिला आवडली होती. गाडी खाली उतरवायला दोन माणसे लागत आणि दुपारी घरात दोन माणसे नसत. सुगम्यतेच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत उताराचे प्रमाण एकास बारा सांगितले आहे. दीड फूट उंचीला अठरा फूट लांब उतार. मावशीचे अंगण चौदा फुटांचे आहे. हा गुणाकार खरेदीआधी कोणी केला नव्हता, मीही नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. पुढे घरात वॉकर, तीन पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा, आणि रस्त्यालगतच्या शेजाऱ्यांच्या टिनाच्या शेडमध्ये मोठ्या चाकांची तीनचाकी अशी सोय लागली. त्यातून मी शिकलो की एकच साधन शोधण्याचा हट्ट सोडावा. घराचे एक, रस्त्याचे दुसरे असू शकते.

रस्त्याकडे वळल्यावर काळी माती आलीच. पावसाळ्यात पांदणीतून बंडी कशी जाते हे पाहिलेल्याला सांगायला नको. ती चिकण माती चाकावर थरावर थर चढते, आणि लहान चाक तर गोळाच होऊन बसते. घडी घालून कारमध्ये नेता येणाऱ्या गाड्यांचे पोट जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच वर असते. गावातला मुरूम, उखडलेली गिट्टी आणि वस्तीतली उघडी नाली यांच्यापुढे ते टिकत नाही. हवेचे टायर धक्का झेलतात, पण बाभळीचा काटा त्यांना सोडत नाही. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, मात्र प्रत्येक खड्डा मणक्याला कळवतात. तीन चाके चिंचोळ्या बोळात चटकन वळतात, पण वळणावर आणि तिरक्या उतारावर कलंडण्याचा धोका त्यांनाच अधिक. माझे मत स्पष्ट आहे : दवाखाना, बाजार आणि घरापुरते फिरायचे तर तीन चाके पाहावीत, गावाबाहेरच्या रस्त्याला मोठी चाके आणि रुंद बूड हवे.

उन्हाळ्याचे काय? वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर सहज जातो. शिशाची बॅटरी पंचवीस अंशांना सुखी असते. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. लिथियमची हलकी असते, जास्त टिकते, पण तापलेली असताना तिला चार्ज करणे धोक्याचे. म्हणून बाहेरून आल्याबरोबर प्लग लावू नये, रात्री उशिरा लावावा. जाहिरातीतले किलोमीटर हलका माणूस, सपाट रस्ता आणि नवी बॅटरी धरून मोजलेले असतात. त्यांतले निम्मे आपले धरून चालावे.

कायद्याविषयी थोडक्यात. बॅटरीवर चालणाऱ्या कमी ताकदीच्या, कमी वेगाच्या काही वाहनांना केंद्रीय नियम मोटार वाहन धरत नाहीत; आपली गाडी त्यांत बसते का, हे खरेदीआधी विचारावे. जादा चाके बसवलेल्या पेट्रोलच्या स्कूटीला नोंदणी आणि परवाना दोन्ही लागतात. सरकारी मदतीची घडण पाहिली तर एक मोठी फट दिसते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मोटारची तीनचाकी 80 टक्के अपंगत्वाच्या अटीवर मिळत आली आहे. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना एकदाच तीन हजार रुपये मिळतात, त्यांत काठी, वॉकर, कमरेचा पट्टा बसतो. मावशीसारखी माणसे या दोन योजनांच्या मधोमध उभी आहेत. स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी अशा ठिकाणी कसा वापरता येईल, हा विषय कोणीतरी प्रबंधासाठी घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुरुस्तीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, आणि गाड्या बंद पडतात त्या तिथेच. चरखा संघाची पाच टक्क्यांची अट इथे परत आठवावी. वर्ध्यात, हिंगणघाटला ई-रिक्षा दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. बॅटऱ्या, तारा, ब्रेकच्या पट्ट्या त्यांना ठाऊक असतात. ज्या गाडीचा बराच भाग ते सोडवू शकतील ती गाडी, दोन वैशिष्ट्ये कमी असली तरी, मी आधी निवडेन. चुंबकीय ब्रेक कळ सोडताच लागतो, आणि गाडी ढकलण्यासाठी तो मोकळा करायची एक कळ मागे असते. ती उतारावर कधीही उघडू नये, आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना, शाळेतल्या नातवालाही, माहीत असावे.

फिजिओथेरपी, समाजकार्य, अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी या विषयात यावे. घरच्या कोणासाठी गाडी शोधणाऱ्यांनी तर आधी यावे, त्यांच्याकडे असलेली माहिती आम्हा कोणाकडेच नाही. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक मोजपट्टी घ्या. ज्याच्यासाठी गाडी हवी त्यालाच सोबत बसवा, आणि त्याला कुठे जायचे आहे ते विचारा. मग त्याच्या खाटेपासून मोजायला लागा : न्हाणीचे दार, उंबरठा, जोते, फाटक, नालीवरची फरशी, आणि तिथून त्याने सांगितलेल्या ठिकाणापर्यंतचा रस्ता. मावशीने विचारल्यावर देऊळ सांगितले नव्हते, दवाखानाही नाही. तिला धुऱ्यावरच्या आंब्यापर्यंत जायचे होते.