आल्फ गार्नेटला कोण हसलं?

आमच्या मोठ्या काकांना विलायतेबद्दल विचारलं की लोकांना राणीच्या राजवाड्याच्या, बर्फाच्या गोष्टींची अपेक्षा असायची. काका सुरुवात करायचे ती टीव्हीवरच्या आल्फ गार्नेटपासून.

ब्रिटनच्या १९६२च्या स्थलांतर कायद्यानंतर कामाचं व्हाउचर हातात असल्याशिवाय तिकडे नोकरीला जाता येत नसे. काकांना ते मिळालं आणि परळच्या चाळीतून ते पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमला पोचले. तेव्हा 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या खिडक्यांत उघड लागत. भाड्याच्या घरांना वंशभेदविरोधी कायदा लागू व्हायला १९६८ उजाडावं लागलं. एका विधवा बाईंनी मात्र काकांना वरची खोली दिली. खाली बैठकीच्या खोलीत भाड्याने आणलेला टीव्ही, त्याला नाणी टाकायची पेटी. शिलिंग संपला की चित्र गुल, आणि तेही नेमकं विनोद रंगात आला असताना. काका दोन शिलिंग खिशात तयार ठेवायचे. "अरे, तेवढ्या पुण्याईवर खुर्ची मिळायची मला," असं ते म्हणत.

'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका बीबीसीवर ६ जून १९६६ला, सोमवारी सुरू झाली. आदल्या वर्षी नमुन्याचा एक भाग दाखवला होता, त्यात या कुटुंबाचं आडनाव रॅम्सी होतं. पण इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापकही आल्फ रॅम्सीच, त्यामुळे ते बदलून गार्नेट केलं. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. वॉपिंगच्या गोदीलगतचं एक जुनं, कोंदट घर. त्यात टकला, मिशाळ, गोल चष्मेवाला आल्फ, बायको एल्स, मुलगी रीटा आणि लिव्हरपूलहून आलेला समाजवादी जावई माइक. पैशाअभावी सगळे एका छपराखाली, त्यामुळे भांडण अर्धवट टाकून निघून जायचीही सोय नाही. आल्फ स्वतः कामगार, पण मजूर पक्षाच्या नावाने बोटं मोडणार आणि राणीचं नाव निघालं की छाती फुगवणार. काळे, आयरिश, ज्यू, कॅथलिक, बायका, तरुण, कुणालाही त्याने सोडलं नाही.

लेखक जॉनी स्पाइट त्याच भागातला, कॅनिंग टाउनचा. असली बडबड लहानपणापासून कानावर पडलेली, ती त्याने जशीच्या तशी आल्फच्या तोंडी घातली. आल्फ साकारणारा वॉरन मिचेल तर स्वतः ज्यू होता आणि विचारांनी डावा! 'परदेशी लोकांची बरी जिरवलीत' असं कुणी रस्त्यात कौतुक केलं की, 'नाही, आम्ही तुमच्यासारख्यांची जिरवतोय' असं तो सुनवायचा म्हणतात.

त्या बैठकीच्या खोलीतही असा एक कौतुक करणारा होता. घरमालकीणबाईंचा भाऊ गोदीत कामाला होता आणि सोमवारी हटकून यायचा. तो आणि काका एकाच वाक्याला हसायचे. तो हसायचा 'काय खरं बोलला' म्हणून, काका हसायचे 'काय मूर्ख आहे' म्हणून. हसून झालं की तो काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, तुझ्याबद्दल नाही हं हे. काकांना ती थाप आल्फच्या शिव्यांपेक्षा जास्त लागायची.

मालिका सुरू झाली त्याच महिन्यात, १९ जूनला, मुंबईत शिवसेना स्थापन झाली. पहिल्या काही वर्षांत तिचा रोख दाक्षिणात्यांवर होता. माझ्या वडिलांची हवाईपत्रं त्या उत्साहाने भरलेली असत: कचेऱ्यांतल्या नोकऱ्या हे लोक बळकावतात, आपली माणसं आणून भरतात. काका सांगत, "पत्र वाचलं आणि खाली आलो, तर आल्फ तेच बोलत होता. फक्त त्याच्या वाक्यात 'ते' म्हणजे मी होतो." वडिलांना हे कधीच पटलं नाही. आमची मागणी हक्काची होती, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. दोघांचा वाद मी पुष्कळदा ऐकला आहे. माझं मत काकांच्या बाजूने पडतं.

१९६८च्या सुरुवातीला मालिका थांबली, ती १९७२मध्येच परतली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खासदार इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं आणि तीनच दिवसांनी लंडनच्या गोदी कामगारांनी त्याच्या समर्थनार्थ थेट पार्लमेंटवर मोर्चा नेला. आल्फचेच जातभाई ते. घरमालकीणबाईंचा भाऊ मोर्चात होता की नाही, हे काकांनी विचारलं नाही. तोही पुन्हा खाली बसायला आला नाही.

मालिकेने लोकांची मनं बदलली, असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. वेडपटाला इतका लाडका, इतका वाक्चतुर केला की त्याची बाजू घेणारे निघणारच. स्पाइटला पुढे तोलही सांभाळता आला नाही. १९६९च्या त्याच्या 'करी अँड चिप्स' या मालिकेत आपल्याकडच्या तेव्हाच्या अहमदनगरात जन्मलेला विनोदी नट स्पाइक मिलिगन तोंडाला तपकिरी रंग फासून पाकिस्तानी कामगार झाला, आणि सहा भागांत ती गुंडाळावी लागली. काकांनी पहिल्याच भागाला शिलिंग टाकायचं बंद केलं.

पण एल्सला तोड नाही. नवरा तासभर बरळतो, ही शून्यात बघत बसते आणि अखेरीस एकच निर्विकार वाक्य टाकून त्याची सगळी हवा काढते. डँडी निकोल्सचं ते काम आजही शिळं वाटत नाही. पुढे अमेरिकेत या मालिकेवरून 'ऑल इन द फॅमिली' निघाली, तीही गाजली. पण मला तरी तिच्यातल्या बायकोपेक्षा, एडिथपेक्षा, एल्स सरस वाटते.

बीबीसी त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरायची, त्यात सुरुवातीचे कितीतरी भाग गेले. उरलेले कुठे मिळाले तर जरूर पाहा. आणि त्या वर्षांत तिकडे राहिलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना शेजारी बसवून एवढं विचारा, की तेव्हा खोलीत आणखी कोण बसलं होतं आणि ते कशाला हसत होतं.