दूरचा आणि झाकलेला माल

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात क्रयविक्रयाचे जे नियम सांगितले आहेत, त्यांत कोणता माल विकू नये याविषयी एक लहानसा श्लोक आहे. एका वस्तूत दुसरी मिसळून ती शुद्ध म्हणून विकू नये, निकस माल चांगला म्हणून विकू नये, तोलामापात उणा विकू नये, आणि जो माल दूर आहे किंवा झाकलेला आहे तोही विकू नये, असा त्याचा आशय आहे. यांतील पहिले तीन निषेध आजही कोणास पटतील. चौथा मात्र ऐकताच आजचा वाचक थबकेल. वापरलेला मोबाइल, जुना लॅपटॉप, घरातून काढावयाचा दूरदर्शन संच या वस्तू आज असंख्य माणसे ऑनलाइन विकतात व घेतात. आणि ही पद्धत म्हणजे दूरच्या व झाकलेल्या मालाची विक्रीच होय. गिऱ्हाईक इंदुरास, माल बडोद्यास आणि मध्ये चार छायाचित्रे, असा हा व्यवहार आहे. त्यातून उद्भवणारे तंटे नवे दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न पुरातन आहे. वस्तूत दडलेल्या दोषाचे नुकसान कोणी सोसावे, हा तो प्रश्न होय.

आपल्या स्मृतिकारांनी त्याचे उत्तर काळाच्या मापाने दिले. मनूने खरेदी वा विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत व्यवहार फिरविण्याची मुभा दिली. याज्ञवल्क्याने त्यापुढे जाऊन निरनिराळ्या मालाच्या परीक्षेसाठी निरनिराळी मुदत ठरविली: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. या यादीत दासदासींचीही गणना आहे, हे त्या समाजव्यवस्थेचे काळे अंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु यादीमागील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या वस्तूचा दोष जितक्या दिवसांत उघड होतो, तितके दिवस ती वस्तू पूर्णपणे विकली गेली असे मानावयाचे नाही! नारदस्मृतीने तर परत करण्याची किंमतही ठरवून दिली. त्याच दिवशी माल परत केला तर पुरे दाम मिळे, दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा कापला जाई, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. मात्र याच नारदाने वापरून मळलेल्या, जीर्ण वस्त्राला या सवलतीतून वगळले. ते सदोष असले तरी एकदा घेतले की विकणाऱ्याकडे परत जात नाही. जुन्या मालाचे गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवूनच बाजारात येते, अशी त्यामागची समजूत असावी. वस्त्राच्या बाबतीत ती रास्तही होती. कारण वस्त्राचा जीर्णपणा डोळ्यांना दिसतो.

रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या ईडाइल नावाच्या अधिकाऱ्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू धरली. गुलाम व जनावरे विकणाऱ्याने त्यांचे रोग व खोडी आधीच जाहीर कराव्यात, असा त्यांचा हुकूम होता. तसे न केल्यास गिऱ्हाइकाला सहा महिन्यांत व्यवहार मोडता येई, किंवा वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई. विकणाऱ्याला दोष ठाऊक होता की नव्हता, याची चौकशीही होत नसे. ज्याच्या घरी वस्तू नांदली त्यानेच तिच्याविषयी बोलावे, असा हा न्याय होता.

इंग्लंडचा न्याय मात्र निराळ्या वाटेने गेला. १६०३ साली तेथे एक प्रसिद्ध खटला झाला. एका सोनाराने शंभर पौंडांस एक खडा विकला. तो विषहारक बेझोअर खडा आहे, असे त्याने सांगितले होते. पण तो तसा निघाला नाही. न्यायालयाचे म्हणणे असे पडले, की विक्रेत्याने तसे नुसते म्हटले, हमी दिली नाही. सबब गिऱ्हाइकाची फिर्याद चालत नाही. घेणाऱ्याने सावध राहावे, हे सूत्र पुढे इंग्रजी कायद्यात स्थिरावले आणि त्याच कायद्याबरोबर ते आपल्याकडे आले. १८७२ च्या करार कायद्यात घोड्याचे एक उदाहरण आहे. विक्रेत्याला घोडा सदोष असल्याचे ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. अशा वेळी हे मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु घेणाऱ्याने जर म्हटले, की ‘तू नाकारले नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन’, आणि तरीही विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. १९३० च्या मालविक्री कायद्याने काही अपवाद घातले. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. आणि तशा मालाचा धंदा करणाऱ्याने तो विक्रीयोग्य दर्जाचाच दिला पाहिजे. पण धंदा न करणाऱ्या साध्या गृहस्थाने आपली जुनी वस्तू विकली, तर पारख करण्याचा भार मुख्यतः घेणाऱ्यावरच राहिला.

हा भार पेलण्याजोगा होता, तो जुन्या बाजारामुळे. हैदराबादचा जुमेरात बाजार, अहमदाबादची रविवारची गुजरी, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार येथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेई, उलटीसुलटी करून पाही, रेडिओ लावून त्याचा आवाज ऐके. बदलीच्या नोकरीमुळे गावोगाव संसार हलविणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना या व्यवहाराची ओळख करून देण्याची गरज नाही. जाताना पंखा, कपाट, रेडिओ शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावयाचा आणि नव्या गावी दुसऱ्या कोणाचा तरी घ्यावयाचा. शेजारी ओळखीचा असे, आणि फसवणूक झाली तर तिची वार्ता आळीत राहून जाई. हातातील वस्तू आणि ओळखीचा माणूस हे दोन जामीन त्या काळी कायद्याहून अधिक भक्कम होते.

ऑनलाइन बाजाराने हे दोन्ही जामीन एकदम काढून घेतले. १९९५ च्या सप्टेंबरात पियेर ओमिद्यार याने कॅलिफोर्नियात जो लिलाव सुरू केला, तोच पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आला. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर दर्शक होता. त्याला १४ डॉलर ८३ सेंट किंमत आली. तो मोडका आहे हे घेणाऱ्यास ठाऊक होते, आणि त्याला तो तसाच हवा होता. दोष आधी सांगितला की तंटा उरत नाही, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण! पण पुढचे सारे सौदे इतके सरळ होईनात. तेव्हा १९९६ साली ओमिद्यारने घेणाऱ्याने व विकणाऱ्याने परस्परांविषयी उघड अभिप्राय लिहिण्याची सोय केली. आळीतील बोलवा पुन्हा उभी करण्याचा हा प्रयत्न होता.

त्यातील वैगुण्यही लौकरच दिसून आले. घेणाऱ्याने तक्रार लिहिली की विकणाराही सूड म्हणून त्याच्याविरुद्ध लिही. त्या भीतीने माणसे खरे लिहीनाशी झाली. अखेर २००८ साली विक्रेत्यांचा प्रतिकूल अभिप्राय लिहिण्याचा अधिकार काढून घ्यावा लागला. दरम्यान १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ईथन कॅट्श यांच्या केंद्राने ईबेवरील तंटे केवळ पत्रव्यवहाराने मिटविता येतात का, हे पाहिले. दोन आठवड्यांतच दोनशेंहून अधिक तक्रारी त्यांच्यापाशी आल्या. न्यायासनाची पायरी न चढता मध्यस्थाकरवी तंटा तोडण्याची ही पद्धत तेथे रूढ झाली. पुढे भरणा हाताळणारी संस्थाच वादाच्या काळात पैसे अडवून ठेवू लागली. याज्ञवल्क्याची परीक्षेची मुदत अशा रीतीने दुसऱ्या वेषात परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विवेचन केले, ते येथे आठवते. मोटारीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीला सदोष मोटारीचा भाव देतो, आणि मग चांगली मोटार असलेला बाजारात येतच नाही. फसवणुकीचे नुकसान केवळ फसलेल्याचे होत नाही. प्रामाणिक विक्रेताही त्यात बुडतो. या विवेचनासाठी अकरलॉफला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मोबाइलला हे वर्णन मोटारीपेक्षाही अधिक लागू पडते. थकलेली बॅटरी, आत शिरलेले पाणी, बदललेला पडदा, मूळ मालकाच्या खात्याने लावलेले कुलूप यांपैकी काहीच छायाचित्रात येत नाही. नारदाचे वस्त्र मळलेले दिसत होते. हे यंत्र मात्र मेलेले असूनही चकाकते.

भारतात या व्यापाराचा आरंभ २००० साली बाझी या संकेतस्थळाने केला; २००४ मध्ये ईबेने ते घेतले, आणि २०१८ मध्ये ईबेचे येथील दुकान बंद झाले. परंतु जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपल्याकडे फोफावली ती जाहिरातींची संकेतस्थळे. २००६ साली निघालेले ओएलएक्स आणि २००८ चे क्विकर ही त्यांतील ठळक नावे. त्यांची मूळ रीत अशी, की संकेतस्थळाने दोघांची गाठ घालून द्यावी आणि बाकीचे त्यांनी आपसांत पाहावे. पैसा संकेतस्थळाच्या हातून जात नाही, म्हणून अडविता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ मधील दुरुस्तीने अशा मध्यस्थाला, तो ठरलेली दक्षता घेत असेल तर, दुसऱ्याने घातलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळे ठेवले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहकाची बाजू घेतो. पण २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्याला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. याचा अर्थ असा, की दुरुस्त केलेले जुने मोबाइल विकणारा दुकानदार कायद्याच्या टप्प्यात येतो. परंतु अनोळखी गृहस्थाकडून सहा हजारांस मोबाइल घेणारा विद्यार्थी जवळजवळ १६०३ च्या त्या गिऱ्हाइकाच्या जागी उभा राहतो. कपट सिद्ध केले तर त्याला दिवाणी दावा लावता येतो, हे खरे. पण सहा हजारांसाठी तो लावतो कोण?

येथे विकणाराही निर्धास्त नाही, हे सांगितले पाहिजे. धड यंत्र नेऊन त्यातील भाग बदलून ते परत करणारी गिऱ्हाइके आहेत. त्याहून वाईट प्रकार यूपीआयच्या प्रसारानंतर आला. घेणारा ‘पैसे पाठवितो’ म्हणून प्रत्यक्षात पैशाची मागणी पाठवी, आणि विकणारा पैसे मिळण्याच्या समजुतीने आपला गुप्त अंक दाबून स्वतःचेच खाते रिकामे करी. पुष्कळांचे पैसे गेल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची पद्धत बंद करण्यात आली. चोरीच्या मालाविषयीही अशीच उशिरा जाग आली. मे २०२३ पासून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलचा आयएमईआय क्रमांक देऊन तो अडविलेला आहे किंवा काय, हे घेण्यापूर्वी पाहता येते. घेणाऱ्याला पारखीचे हे एक साधन तरी परत मिळाले.

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे दोष सांगण्याचे कर्तव्य, परीक्षेची मुदत आणि तोवर दाम धरून ठेवणारा तिसरा माणूस या तीन गोष्टी होत्या, तेथे तंटे झाले तरी ते मिटले. जेथे त्यांतील एकही नव्हती, तेथे तंटे मिटले नाहीत. ते मुकाट्याने गिळले गेले. अशा गिळलेल्या तंट्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, आणि म्हणून ते क्षुल्लक आहेत असे सर्वांस वाटते. ज्या विद्यार्थ्याचे महिन्याचे पैसे एका मृत यंत्रात गेले, त्याला ते क्षुल्लक नसतात. दूरचा व झाकलेला माल विकू नये, हा निषेध आज कोणी पाळणार नाही, आणि पाळावा असेही नाही. दूरच्या बाजाराने गरजूंना स्वस्तात वस्तू दिल्या आहेत. पण तो निषेध सोडताना त्याच्या शेजारचा परीक्षेचा नियमही आपण सोडून दिला, ही चूक झाली. यंत्र हाती आल्यावर दोनतीन दिवसांची मुदत आणि तोवर मध्यस्थाकडे राहणारे दाम, एवढी सोय जुन्या मालाच्या प्रत्येक ऑनलाइन बाजारावर बंधनकारक करणे अवघड नाही. ज्या बाजाराला दोघांची गाठ घालून देता येते, त्याला तीन दिवस त्यांच्यामध्ये उभे राहताही आले पाहिजे.