संघटनेला बंदी, पेन्शनला कात्री : तुरुंग शिपाई कामगार आहे की नाही?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कामगार चळवळ म्हटली की टेल्को आणि बजाज आठवतात. 1989 चे शनिवारवाड्यावरचे उपोषण, 2013 चा चाकणच्या बजाज प्लांटमधला पन्नास दिवसांचा संप. येरवडा म्हटले की 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार. पण त्याच येरवड्याच्या भिंतीआड रात्रपाळी करणारा कारागृह शिपाई आपल्या कामगार-इतिहासात कुठेच नाही.

हे विस्मरण कायद्यातच लिहिलेले आहे. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मधली 'कामगार' या शब्दाची व्याख्या 1956 मध्ये बदलली. त्यात पोलिसांबरोबर तुरुंगातले अधिकारी आणि 'इतर कर्मचारी' सरळ वगळले गेले. म्हणजे तुरुंगातला स्वयंपाकी किंवा कारकूनसुद्धा कामगार नाही! 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे वगळणे कायम आहे. चाकणच्या कामगाराला व्यवस्थापनाशी वाद झाला तर समेट अधिकारी आहे, कामगार न्यायालय आहे. शिपायाला यातले काहीच नाही. 

संविधानाचे कलम 33 दाखवून हे योग्य ठरवले जाते. ते नीट वाचा. मूळ कलमात सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले एवढाच उल्लेख होता. 1984 च्या पन्नासाव्या दुरुस्तीने गुप्तचर यंत्रणा वगैरे जोडल्या गेल्या, पण 'तुरुंग' हा शब्द तेव्हाही आला नाही. बंदिवानांवर पहारा देणारा माणूस सुव्यवस्थेचे 'दल' आहे का, हा निदान वादाचा मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 87 क्रमांकाचा करार फक्त सैन्य आणि पोलीस यांच्याबाबत सूट देतो, तुरुंग कर्मचाऱ्यांबाबत नाही. भारताने तो करार आजवर मान्य केलेला नाही.

बाबासाहेबांची भूमिका काय होती? 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना त्यांनी संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव असल्याचे मांडले आणि 7 नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष संपात उतरला. पुढे मजूरमंत्री असताना 1943 मध्ये त्यांनी युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक आणले. त्या धर्तीवर 1947 मध्ये कायदा झाला, पण तो कधी अमलातच आणला नाही. मान्यता ही मालकाची मेहेरबानी राहिली. शिपायाचा मालक तर खुद्द सरकार!

खाकीतल्या माणसाने तोंड उघडले तर काय होते, हे मुंबईने 18 ऑगस्ट 1982 ला पाहिले. गिरणी संप सुरू होताच. पोलीस शिपायांच्या संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना अटक केली, शिपाई रस्त्यावर आले आणि सैन्य बोलवावे लागले. पुढे बडतर्फी. त्या वेळच्या बातम्यांत दंगल आणि जाळपोळ भरपूर सापडते. शिपायांच्या मागण्या शोधाव्या लागतात.

आता पेन्शन. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. पगारातून 10 टक्के कपात आणि पुढचे बाजाराच्या भरवशावर. केंद्राने 2004 मध्ये नवी योजना आणली, तेव्हा सैन्यदले मात्र त्यातून वगळली. इथेच सरकारचा दुटप्पीपणा उघडा पडतो. संघटनेचा हक्क मागितला की तुरुंग शिपाई 'दल' ठरतो आणि पेन्शन मागितली की 'सामान्य कर्मचारी'. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांनी हाच मुद्दा न्यायालयात नेला. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, मग सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

14 मार्च 2023 ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले. त्याच दिवशी मेस्माचे विधेयक मंजूर झाले, तरी संप सात दिवस टिकला. समिती नेमली गेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. त्यात पंचवीस वर्षे सेवा झाली तर निम्म्या मूळ पगाराची हमी आहे, पण कपात सुरूच. शिक्षक, लिपिक, परिचारिका यांनी रस्त्यावर मिळवलेले हे अर्धेमुर्धे शिपायालाही मिळाले. मात्र ते ठरवताना त्याचा प्रतिनिधी टेबलावर नव्हता.

आपल्यातले काही जण विचारतील, ज्यांच्या पहाऱ्यात 2018 मध्ये सुधीर ढवळे येरवड्यात होते, त्यांच्यासाठी आपण का बोलायचे? प्रश्न रास्त आहे. तुरुंगातली मारहाण, लाचखोरी, जातीवरून कामे वाटणे यावर आपण बोलतच राहणार. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. पण तो निकाल बराकीत उतरवायचा कुणी? वरिष्ठांचा बेकायदा हुकूम नाकारणाऱ्या शिपायाच्या पाठीशी उभी राहणारी संघटनाच नसेल, तर तो नाकारेल कशाच्या बळावर? आणि भरतीच्या मैदानावर पहाटे धावणारी पोरे कोण आहेत, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

दुसरा आक्षेप चाकणच्या कंत्राटी कामगाराचा. त्याच्या ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपयांवर अडकली आहे. त्याला सरकारी शिपायाची तक्रार चैनीची वाटणारच. पण त्याचे हजार वाढवायचे असतील तर शिपायाची पेन्शन कापून ते वाढणार नाहीत. येत्या 1 मे च्या सभांच्या ठरावात या दोन्ही मागण्या एकत्र घ्याव्यात : ईपीएसच्या किमान रकमेत वाढ, आणि कामगाराच्या व्याख्येतून तुरुंग कर्मचाऱ्यांना वगळणारे शब्द रद्द.