माहीमचा सेतू : दातृत्व आणि दळणवळण

मुंबई बेटाचा साष्टीशी संबंध प्रदीर्घ काळ नावांवर अवलंबून होता. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत इ.स. १८०५ मध्ये शीवचा बांधरस्ता पूर्ण झाला. मात्र माहीम व वांद्रे यांच्या दरम्यान तरीचाच आधार उरला. पावसाळ्यात ही खाडी ओलांडणे जिवावर बेतणारे होते. सरकारने खर्चास अनुकूलता दर्शविली नाही, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. प्रवाशांकडून पथकर घेऊ नये, ही त्यांची अट होती. इ.स. १८४५ मध्ये मार्ग खुला झाला. त्यामुळे मुंबईच्या जडणघडणीचा इतिहास केवळ राज्यकर्त्यांच्या कर्तृत्वातून मांडणे अपुरे ठरते. रस्ता कोणी बांधला, याबरोबरच तो कोणामुळे विनामूल्य राहिला, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.