योजक आणि फळीकरी

१८९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंत सात दिवसांच्या अंतरानें फुटबॉलचे दोन सामने झाले. पहिला ता. १२ रोजीं पिट्सबर्गलगतच्या अ‍ॅलेगेनी येथें, दुसरा ता. १९ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें. पहिल्यांत एका गड्यास खेळण्याबद्दल पांचशें डॉलर रोख मिळाले, आणि ती गोष्ट कटाक्षानें लपविण्यांत आली. दुसऱ्यांत, ज्यानें जन्मांत हा खेळ कधीं खेळला नव्हता अशा एका गृहस्थाची युक्ति मैदानावर उतरली, आणि तिचा बोभाटा चोहोंकडे झाला. अमेरिकन कॉलेजांतील फुटबॉलचा पुढला सवाशें वर्षांचा इतिहास आम्हांस या दोन सामन्यांच्या पोटांत सांठविलेला दिसतो. योजना करणारास मोल उघडपणें द्यावें आणि फळींत उभें राहणारास चोरून द्यावें किंवा मुळींच देऊं नये, हा त्या इतिहासाचा गाभा होय.

फुटबॉल म्हणतांच आमच्या वाचकांच्या मनांत पायानें खेळावयाचा वाटोळा चेंडू येईल. अमेरिकनांचा फुटबॉल निराळा. तेथें चेंडू लंबगोल असतो, तो हातांत धरून पळतात किंवा फेंकतात, आणि पायाचा संबंध प्रसंगोपात्तच येतो. दोहों बाजूंस अकरा अकरा गडी. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर तो दुसऱ्याच्या स्वाधीन करावा. चेंडू मांडला जातो तेथें एक काल्पनिक रेषा धरितात. तिच्या दोहों अंगांस दोन फळ्या समोरासमोर ओणव्या होऊन बसतात. ही रेषा १८८० सालीं येल कॉलेजच्या वॉल्टर कँपनें नियमांत आणली. तीपूर्वीं नुसती झोंबाझोंबी होती. रेषा आली तेव्हांपासून आधीं आंखावें आणि मग खेळावें, हें शक्य झालें.

बचावाच्या फळींतल्या गड्यास तिकडे ‘डिफेन्सिव्ह लाइनमन’ म्हणतात. आमच्याकडे लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा. त्यास खांबावरच राहूं देऊन आम्ही येथें ‘फळीकरी’ हा शब्द योजितों. आक्रमणाच्या फळींत हल्लीं पांच भक्कम गडी असतात, बचावाच्या फळींत तीन किंवा चार. अर्थात् हिशेबानेंच बचावाच्या कोणा तरी एकावर दोघे चालून यावयाचे. त्या दोघांस तोलून धरून आपली जागा न सोडणें, हेंच मधल्या फळीकऱ्याचें काम. त्यानें दोघांस गुंतवून ठेविलें म्हणजे मागला सोबती मोकळा होतो आणि चेंडू घेऊन धांवणारास लोळवितो. टाळ्या मिळतात त्या सोबत्यास. कुस्तीप्रमाणेंच येथेंही ज्याची कंबर खालीं तो वरचढ. म्हणून सव्वाशें-दीडशें किलो वजनाचा, लांब हातांचा, आणि तरीही पहिलें पाऊल झटकन् टाकणारा तरुण पाहिजे असतो. डांवपेंच शिकवितां येतात. उंची आणि हाड शिकवितां येत नाहींत. असे तरुण कोठेंही थोडेच, आणि त्या थोड्यांसाठीं कॉलेजांची धांवाधांव चालते.

अ‍ॅलेगेनीच्या सामन्यांतला तो पांचशें डॉलरांचा मानकरी असाच एक गडी होता. त्याचें नांव विल्यम हेफेलफिंगर, येलच्या फळींतला त्या काळचा सर्वांत नांवाजलेला खेळाडू. तेव्हां तेच गडी आक्रमणही करीत व बचावही करीत. प्रतिपक्ष पाचरीच्या आकारानें चाल करून आला म्हणजे हेफेलफिंगर उडी घेऊन तिच्या टोंकावरच पडे व तिची मोडतोड करी, असें सांगतात. त्या दिवशीं त्यानें प्रतिपक्षाच्या हातून सुटलेला चेंडू उचलून पळविला, आणि सामन्यांतील चार गुण तेवढेच झाले. त्यास दिलेल्या रकमेची नोंद अ‍ॅलेगेनीच्या क्लबाच्या हिशेबांत होती. ती अनेक दशकांनीं उजेडांत आली, आणि आज ओहायोंतील कँटन येथील संग्रहालयांत तो कागद जपून ठेविला आहे. पैसे घेऊन फुटबॉल खेळल्याचा सर्वांत जुना पुरावा तो हाच. फळीकऱ्यांचे गोडवे सहसा कोणी गात नाहीं. परंतु या धंद्याचा मूळपुरुष त्यांच्याच कुळांतला, हें विसरतां येत नाहीं.

दुसऱ्या सामन्याचा नायक लॉरिन डीलँड. बोस्टनचा हा गृहस्थ बुद्धिबळांत आणि नेपोलियनच्या युद्धशास्त्रांत रमणारा. सैन्याचें सारें बळ एका ठिकाणीं आणून आदळावें, हें तत्त्व फुटबॉलास लावावें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि तो हार्वर्डच्या गड्यांस जाऊन भेटला. स्प्रिंगफील्ड येथें येलविरुद्ध उत्तरार्ध सुरू होतांच हार्वर्डचे गडी दोन टोळ्यांनीं मागून धांवत आले, एकमेकांस मिळून त्यांची पाचर झाली, आणि चेंडू घेतलेला सोबती त्या पाचरीच्या पोटांत सुरक्षित पुढें गेला. सामना येलनें ६–० असा जिंकला तो जिंकलाच. परंतु ‘फ्लाइंग वेज’ची कीर्ति झाली. पुढल्या हंगामांत जो तो पाचरी करूं लागला, हातपाय मोडूं लागले, आणि १८९४ सालीं नियम करून ती बंद करावी लागली. डीलँडनें १८९६ सालीं कँपच्या जोडीनें फुटबॉलवर ग्रंथ लिहिला. मैदानाबाहेर उभें राहून दुसऱ्यांच्या देहांनीं लढणाऱ्या योजकाची जात डीलँडनें प्रतिष्ठित केली. प्रतिष्ठित केली म्हणतों, निर्माण केली म्हणत नाहीं. कारण येलमध्यें त्याआधींच, कँप घड्याळांच्या कारखान्यांत नोकरीवर असे तेव्हां, त्याची पत्नी अ‍ॅलिस सरावास उभी राही, टिपणें घेई, आणि रात्रीं त्यांवरून कँप सूचना देई. या बाईस वेतनही नव्हतें आणि पदवीही नव्हती.

येथून पुढें दोन्ही वाटा रुंदावत गेल्या. १९०५ सालीं हार्वर्डनें सव्वीस वर्षांच्या बिल रीड यास प्रशिक्षक नेमलें व माजी विद्यार्थ्यांच्या मदतीनें सात हजार डॉलर देऊं केले. हार्वर्डच्या कोणाही प्राध्यापकास तेव्हां इतकें वेतन नव्हतें. हें सारें राजरोस. त्याच सुमारास येलच्या फळींतला जेम्स होगन यास मात्र राहण्यास उत्तम खोल्या, फुकट जेवण, क्यूबाची सफर, आणि न्यू हेवनमध्यें विकल्या जाणाऱ्या सिगारेटींवर दलाली, असा प्रसाद मिळत होता. तो बाहेर आला तेव्हां गहजब झाला. रीडच्या सात हजारांचें कोणास इतकें वाईट वाटलें नाहीं. त्याच वर्षीं या खेळानें अठरा-एकोणीस तरुणांचे प्राण घेतले आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांस मध्यें पडावें लागलें. त्यांतून १९०६ सालीं जी संस्था निघाली तीच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन म्हणून ओळखली जाते. १९२९ सालच्या कार्नेगी संस्थेच्या अहवालांत तपासलेल्या ११२ कॉलेजांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश ठिकाणीं खेळाडूंस या ना त्या मार्गानें पैसा पोंचत असल्याचें दाखविलें. अखेर १९५६ सालीं असोसिएशननें खेळासाठींची शिष्यवृत्ति मान्य केली: शिकवणी, खोली, जेवण, पुस्तकें, आणि कपडे धुण्यासाठीं महिना पंधरा डॉलर.

परंतु या शिष्यवृत्तीस कोणी पगार म्हणूं नये, याची फार काळजी घेण्यांत आली. असोसिएशनचे कार्यवाह वॉल्टर बायर्स यांच्या कारकीर्दींत ‘स्टुडंट-अ‍ॅथ्लीट’ म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ करण्यांत आला. कोलोरॅडोंतील एका लहान कॉलेजचा रे डेनिसन नांवाचा खेळाडू १९५५ सालीं सामन्यांत डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तो कामगार नव्हे असें ठरविलें. तो शब्द असल्या दाव्यांवर तोड म्हणूनच घडविला होता, हें बायर्स यांनीं स्वतःच १९९५ सालच्या पुस्तकांत लिहून ठेविलें. इतक्या उशिराच्या कबुलीजबाबाची किंमत काय करावी तें वाचकांनींच ठरवावें.

आतां योजकांच्या वाटेकडे वळूं. १९४५ सालीं मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्स क्रिसलर यांनीं आर्मीविरुद्ध आक्रमणास एक तुकडी आणि बचावास दुसरी, अशी वांटणी करून पाहिली. युद्धकाळांत गडी बदलण्याचे नियम सैल झाले होते, त्याचा हा लाभ. क्रिसलरही २८–७ असे हरले. या खेळांत नव्या कल्पनेनें पहिल्या दिवशीं हरावें असा कांहीं संकेतच दिसतो. १९५३ सालीं ही मोकळीक काढून घेतली गेली, आणि १९६५ पासून ती पूर्णपणें परत आली. त्या दिवसापासून एका संघाचे वस्तुतः दोन संघ झाले, आणि एका डोक्यास दोहोंचा विचार पेलेनासा झाला. आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन दुय्यम प्रशिक्षक पुढें आले, तेच ‘को-ऑर्डिनेटर’. अलाबामाचे बेअर ब्रायंट सरावाच्या वेळीं एका उंच मनोऱ्यावर बसून राहत व खालीं सहायक गडी घोटवून घेत, या दृश्यांत नवी व्यवस्था जणूं मूर्तिमंत झाली होती. को-ऑर्डिनेटर नेमतांना नुसतें आंखणाऱ्याचें डोकें पाहत नाहींत. मुलांच्या घरीं जाऊन आईबापांच्या पंक्तीस बसून त्यांचें मन वळविण्याची हातोटी आहे कीं नाहीं, हेंही पाहतात.

या मन वळविण्याच्या इतिहासांत अमेरिकेचें जुनें दुखणें सर्वत्र आडवें येतें. टेक्ससमधील ब्यूमाँटचा बबा स्मिथ हा सहा फूट सात इंच उंचीचा कृष्णवर्णीय फळीकरी. बापच शाळेंतला नामांकित प्रशिक्षक. परंतु त्याच्या प्रांतांतील मोठ्या गोऱ्या कॉलेजांचीं दारें तेव्हां बंद होतीं. मिशिगन स्टेटच्या डफी डॉहर्टी यांनीं दक्षिणेंतले असे गडी उत्तरेस नेले, आणि १९६६ सालचा नोत्र दामविरुद्धचा सामना १०–१० असा बरोबरींत सोडविला. पुढें स्मिथ धंदेवाईक खेळांत गेला. २०११ सालीं तो वारल्यावर त्याच्या मेंदूंत वारंवारच्या आघातांनीं जडलेली व्याधि आढळली.

दक्षिणेस जाग आली ती हरल्यावर. अलाबामांतील मोबील गांवचा जॉन मिचेल अ‍ॅरिझोनांतील एका लहान कॉलेजांत खेळत होता व कॅलिफोर्नियास जाण्याच्या बेतांत होता. तेथील प्रशिक्षक मॅके यांनीं बोलतां बोलतां ब्रायंट यांच्यापाशीं त्याची वाखाणणी केली, आणि ब्रायंट निमित्त काढून उठले ते टेलिफोनकडे गेले, अशी आख्यायिका आहे. ज्या विद्यापीठाच्या दारांत १९६३ सालीं गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीयांस अडविण्यासाठीं उभे राहिले, त्याच्या फळींत १९७१ सालीं मिचेल उभा राहिला. सामन्यांत उतरलेला अलाबामाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि पहिलाच सामना त्याच कॅलिफोर्नियावाल्यांविरुद्ध, १७–१० असा जिंकलेला. पुढल्या वर्षीं तो कर्णधारांपैकीं एक झाला. १९७३ सालीं ब्रायंट यांनीं त्यास फळीचा प्रशिक्षक नेमलें, आणि १९९० सालीं लुइझियाना स्टेटनें बचावाचा को-ऑर्डिनेटर केलें. त्या आग्नेय संघमंडळांतला तो पहिला कृष्णवर्णीय को-ऑर्डिनेटर. फळींतून योजकाच्या जागीं जावयास त्यास एकोणीस वर्षें लागलीं. आमच्या मतें या सबंध इतिहासांत याहून महत्त्वाचा प्रवास नाहीं. आणि तरी विजयांच्या यादींत तो सांपडावयाचा नाहीं.

पैशाचें प्रकरण थोडक्यांत सांगतां येईल. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दूरचित्रवाणीचे हक्क असोसिएशनच्या मुठींतून सोडविले, आणि संपत्तीचा ओघ सुरू झाला. १९९१ सालीं असोसिएशननें बास्केटबॉलसारख्या खेळांतील कनिष्ठ प्रशिक्षकांचें वेतन वर्षास सोळा हजार डॉलरांवर बांधून टाकलें. प्रशिक्षक न्यायालयांत गेले. १९९८ सालीं अशी बांधणी बेकायदा ठरली, आणि पुढल्या वर्षीं ५ कोटी ४५ लक्ष डॉलर देऊन तडजोड झाली. २००९ सालीं टेनेसींत मॉंटी किफिन बचावाचे को-ऑर्डिनेटर म्हणून दहा लक्षांहून अधिक डॉलरांवर आले. मुख्य प्रशिक्षक त्यांचाच मुलगा होता. बाप मुलाच्या हाताखालीं, पण तोटा कोणाचाच नाहीं. २०१८ सालीं लुइझियाना स्टेटनें डेव्ह अरँडा यांस वर्षास २५ लक्ष डॉलर ठरविले. या काळांत त्याच मैदानावरच्या फळीकऱ्याची शिष्यवृत्ति १९७३ पासून एकेका वर्षाच्या कराराची झाली होती. गुडघा मोडला तर पुढल्या वर्षाची हमी नव्हती. २०१४ सालीं नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनीं कामगार-संघ काढूं पाहिला; १९१५ नव्हे, २०१५ सालीं संबंधित मंडळानें त्यांत लक्ष घालण्याचें नाकारलें.

मग २०२१ सालच्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें असोसिएशनविरुद्ध निकाल दिला, आणि जुलैपासून खेळाडूंस आपल्या नांवावर व छायाचित्रावर उघडपणें पैसे मिळवितां येऊं लागले. ६ जून २०२५ रोजीं मान्य झालेल्या तडजोडीनें कॉलेजेंच खेळाडूंस पैसे देऊं शकतात. २०२५–२६ सालासाठीं मर्यादा प्रत्येक संस्थेस सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलर. मागील थकबाकी म्हणून सुमारें २८० कोटी डॉलर दहा वर्षांत वांटावयाचे आहेत, पण ते २०१६ नंतर खेळलेल्यांस. मिचेल आणि स्मिथ यांच्या पिढीचा त्यांत वांटा नाहीं. आणि त्या मर्यादेंत प्रशिक्षकांचे पगार धरलेले नाहींत. त्यांस बांध घालण्याची वाट १९९८ च्या निकालानें अडविलेली आहे.